शेजारच्या सीटवरचा ब्रेक

त्या घरातल्या सगळ्यांचा उजवा पाय वेडा होता.

बसमध्ये बसोत नाहीतर कुणाच्या गाडीत मागे बसोत, पुढे काही आडवं आलं की तो पाय आपोआप खाली दाबला जायचा. आईचासुद्धा. आईला तर गाडी चालवताच येत नव्हती. ताई एकदा सिनेमा बघताना पडद्यावरची गाडी थांबवायला गेली. पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून तिच्याकडे बघत राहिला.

याला कारण वडील. ते गाडी चालवायला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. गाडी लहान, पांढरी, डोक्यावर पाटी लावलेली. शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक होता, मास्तरांसाठी. सुट्टीच्या दिवशी घरातले सगळे त्याच गाडीतून फिरायला निघायचे. तेव्हा शेजारच्या सीटवर आई बसायची. रस्त्यात तिला काही घ्यायचं आठवलं, तर ती सांगायची नाही. ब्रेक दाबायची.

"तोंडानं सांग की," मास्तर म्हणायचे.

"तोंडानं सांगितलं तर तुम्ही पुढे जाऊन थांबता," आई म्हणायची.

मास्तरांचा अभिमान एकच होता. त्यांच्या गाडीला ओरखडा नव्हता. शिकाऊ माणसांच्या हाती दिलेली गाडी, आणि एक ओरखडा नाही. नवीन माणूस आला की ते आधी त्याला गाडीभोवती फिरवायचे. म्हणायचे, "माझी गाडी आजवर कुठे टेकलेली नाही." बाकीचे लोक घराण्याच्या अब्रूबद्दल असं बोलतात.

धाकट्या मुलीला घरात वकील म्हणायचे. बोलायला लागल्यावर तिचा पहिला शब्द "का" होता, असं आईचं म्हणणं. ताईच्या मते दुसरा आणि तिसराही तोच होता. ती पुढे वकील होणार हे इतक्यांदा म्हणून झालं होतं, की ते ठरल्यासारखंच होतं. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपलं. त्या वर्षात सगळे विषय थोडे थोडे होते. आता त्यातला एक मुख्य म्हणून निवडायचा होता. शुक्रवारी ऑफिसात जाऊन सांगायचं. एकदा सांगितलं की बदल नाही.

"अर्थशास्त्र," ताई जेवताना म्हणाली. ताई विमा कंपनीत नोकरीला होती आणि कुठलाही प्रश्न भात संपायच्या आत निकालात काढायची. "वर्गात पहिली आलीस. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"मला ते येतं."

"मग?"

"येतं म्हणून घ्यायचं?"

"न येणारं घ्यायची पद्धत अजून निघाली नाही."

"अर्थशास्त्र घे, मग कायदा कर," मास्तर म्हणाले. "कोर्टात तुझं 'का' ऐकून घ्यायला समोर कुणालातरी बसवलेलं असतं. आमच्यावर तेवढी मेहेरबानी होईल."

सगळे हसले. वकीलही हसली. पण तिला खरंच कळत नव्हतं. अर्थशास्त्र ती वाचायची, ते डोक्यात जायचं, परीक्षेत बाहेर यायचं. मागे काही उरायचं नाही. पाहुणे येऊन गेल्यासारखं. एका विषयाचं मात्र काहीतरी उरलं होतं. गणिताचं. आणि ते जे उरलं होतं, ते दुखत होतं.

गणितात ती अर्धं वर्ष एकाच ठिकाणी अडकली होती. एक संख्या दुसरीच्या जवळ जाते, आणखी जवळ जाते, पण पोचत नाही. आणि तरी आपण म्हणायचं की ती कुठे चालली आहे ते आपल्याला माहीत आहे. सर फळ्यावर लिहायचे, फळा पुसायचे, "समजलं ना?" विचारायचे. सगळा वर्ग मान हलवायचा. तीही हलवायची. मग एका दुपारी लायब्ररीत, कुणाचं काही न ऐकता, तिचं तिलाच ते उमगलं. ती उठली. कपाटांभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक. सांगायला कुणी नव्हतं. लायब्ररीतल्या बाईंनी विचारलं, "काही हरवलंय का?" ती नाही म्हणाली आणि परत येऊन बसली. परीक्षेत कसाबसा विषय सुटला. तोवर बाकीचं शिकायचं राहून गेलं होतं.

विषय सांगायच्या त्याच आठवड्यात मास्तर पडले. आयुष्यभर दुसऱ्यांना घसरू न देणारा माणूस स्वतःच्या ऑफिसच्या पायरीवरून घसरला. उजवा घोटा मुरगळला. पडता पडता त्यांनी ब्रेक दाबला असणार, असं ताईचं मत पडलं.

शिकवण्या बंद ठेवता आल्या असत्या. पण गुरुवारी बेकरीवाल्या काकूंची लायसन्सची परीक्षा होती. तिसऱ्यांदा. काकांची नजर अधू झाली होती आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली होती. त्यांची पाव पोचवायची गाडी दुकानासमोर नुसती उभी होती. काकूंना सगळं येत होतं. मागे घेणं, वळवणं, अरुंद जागेत लावणं. दोन्ही वेळा त्या फक्त चढावर नापास झाल्या. चढावर थांबायचं आणि मागे न घसरता पुढे निघायचं, एवढंच होतं. हँडब्रेकला हात लावायचा नाही, असा तिथल्या परीक्षकाचा हट्ट होता.

"मी मागे बसतो," मास्तर वकीलला म्हणाले. "तू शेजारी बस. बोलायचं काम माझं. तू फक्त ब्रेकवर पाय ठेव."

सरावाचं मैदान कुंपणाच्या आत होतं, आणि वकीलकडे लायसन्स होतं. म्हणून चालून गेलं. मैदानाच्या टोकाला मास्तरांनी माती टाकून चढ करून घेतला होता. पायथ्याशी जुन्या टायरांची रांग होती. त्या टायरांना आजवर कुणी शिवलेलं नव्हतं. ते कशासाठी ठेवलेत हेसुद्धा लोक विसरले होते.

मास्तर मागच्या सीटवर आडवे बसले, पट्टी बांधलेला पाय दाराकडे लांब करून. काकूंनी गाडी चढवली. मध्यावर थांबवली. ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेला, क्लच सोडला. गाडी निघाली. पुन्हा केलं. पुन्हा निघाली.

"बघ पोरी," काकू म्हणाल्या. "इथे सगळं येतं. तिथे त्या माणसाचं तोंड बघितलं की हातपाय गळतात."

"तो खडूसच आहे," मास्तर मागून म्हणाले. "सगळ्यांना तिथेच पाडतो."

"सगळ्यांना?" वकील म्हणाली.

"बहुतेकांना. पहिल्या खेपेला."

"चढावरच?"

"चढावरच."

"का?"

"झाली वकिली सुरू," मास्तर म्हणाले. "काकू, घ्या परत खालून."

काकूंनी परत घेतली. या वेळी वकीलचं समोर लक्ष नव्हतं. तिला काहीतरी वेगळं जाणवलं होतं, पोटरीत. ती आपल्या पायाकडे बघत होती. काकूंनी ब्रेक सोडला. गाडी मागे जाणार, एवढ्यात तिचा पाय खाली गेला. तिनं दाबला नव्हता. तो गेला. काकूंच्या क्लचनं गाडीला ओढ लागली आणि पाय आपला आपण वर आला. गाडीतल्या कुणालाही पत्ता नव्हता.

"बाबा," गाडी परत पायथ्याशी थांबल्यावर ती म्हणाली, "काकू ब्रेक सोडतात तेव्हा तुम्ही इथे दाबता का?"

"मी कशाला दाबीन? मी नुसता पाय ठेवून असतो."

ती मागे वळली. मास्तरांचा मुरगळलेला पाय दारापर्यंत पोचला होता. पट्टीतून बाहेर आलेला अंगठा दाराच्या पत्र्यात रुतला होता, पांढरा पडेपर्यंत. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग मास्तरांनीही बघितलं.

त्यांनी अंगठा मागे घेतला. 

"काकू, एक विचारू?" वकील म्हणाली. "चढावर गाडी मागे घसरायला लागली की कसं वाटतं?"

"घसरेल कशी? मी धरते ना."

"तुम्ही नाही धरत."

"मग कोण धरतं?"

"आम्ही."

काकूंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. समोर बघत राहिल्या. "म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं, की..." त्या थांबल्या. "म्हणजे मला येतच नाही?"

वकीलला वाटलं, या आता दार उघडून उतरतील, आणि पावाची गाडी दुकानासमोर तशीच उभी राहील. आपल्या एका प्रश्नापायी. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि ते खरं असायला हवं होतं.

"येतं की नाही, ते अजून कुणी बघितलंच नाही," ती म्हणाली.

मग तिनं चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसली.

"पाय खाली," मास्तर म्हणाले.

"नाही."

"वकील, पाय खाली ठेव. मागे टायर आहेत."

"टायर आहेत म्हणूनच. घ्या काकू."

काकूंनी एकदा तिच्या मांडीकडे बघितलं, एकदा आरशात मास्तरांकडे. गाडी चढवली. थांबवली. ब्रेक सोडला. गाडी मागे निघाली. आधी हळू, मग भराभर. काकूंनी हे सोडलं, ते दाबलं, गाडी बंद पडली आणि तरी मागेच जात राहिली. मागून धप्प आवाज आला. तिघांच्या माना हलल्या.

मास्तर दार उघडून उतरले. लंगडत मागे गेले. बराच वेळ दिसले नाहीत.

"गाडीला लागलं का हो?" काकूंनी बाहेर डोकं काढून विचारलं.

"टायरचं काळं आहे. पुसून जाईल."

ते रुमालानं पुसत होते. जात नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी रुमाल खिशात घातला, परत येऊन मागे बसले आणि दार लावून घेतलं.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा टायर. मग पुन्हा टायर. पण आता काकू घाबरत नव्हत्या. घसरण्याचा त्यांना राग यायला लागला होता.

"टेकायच्या आधी काय झालं?" वकीलनं विचारलं.

"घसरली."

"घसरायच्या आधी?"

काकू आठवत राहिल्या. उत्तर वकीलच्या जिभेवर होतं. क्लच अर्धा सुटला की इंजिनाचा आवाज बदलतो, गाडी जागच्या जागी जराशी थरथरते. मास्तर हे रोज सांगायचे. तिनंही सांगून टाकलं असतं. जीभ उचललीच होती. आणि तिला कळलं, की हाही ब्रेकच आहे. तिनं तोंड मिटलं. ते मिटून ठेवणं मांडी घालून बसण्यापेक्षा अवघड होतं.

"शिंक येण्याआधी माणूस कसा थबकतो," काकू सावकाश म्हणाल्या, "तशी थबकली होती गाडी. एवढीशी. तेवढ्यात मी पाय उचलला."

"मग या वेळी नका उचलू. शिंक येऊ द्या."

काकूंनी चढावर गाडी थांबवली. डावा पाय सोडत सोडत आणला. इंजिन खाली दबलं. गाडीचं नाक किंचित वर आलं. काकूंचं तोंड उघडं राहिलं, खरंच शिंक आल्यासारखं. त्यांनी ब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. पुढेही गेली नाही. तिथेच उभी राहिली, चढावर, कुणीही न धरता. मग काकूंनी ॲक्सिलरेटर दिला. गाडी वर गेली, माथ्यावर गेली आणि पलीकडच्या उतारावरून मैदानात धावत सुटली.

"काकू, थांबा आता."

"कशाला?" काकू म्हणाल्या आणि मैदानाला पूर्ण चक्कर मारून आल्या.

वकीलचे कान गरम झाले होते. तिनं स्वतः काहीच केलं नव्हतं. मांडी घालून गप्प बसली होती. आणि एका माणसाला जे सकाळी येत नव्हतं ते आता येत होतं; तिच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर. येत नसण्याच्या आणि येण्याच्या मधला तो क्षण तिनं बघितला होता. आपल्याला आयुष्यात पुन्हा पुन्हा हेच बघायचं आहे, असं तिला वाटलं. इतकं स्पष्ट तिला याआधी काहीच वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर ती बसेना. टेबलाभोवती फिरत सांगत होती. ताईला खुर्चीवर बसवून तिचे पाय वर घ्यायला लावले. आईला काकू केलं. आईनं हातातला झारा गिअरसारखा धरला.

"हिला झालंय काय?" ताई म्हणाली.

"मी गणित घेणार."

ताईनं पाय खाली सोडले. "तुझे गणितातले मार्क मी बघितलेत. ते फार वेळ बघण्यासारखे नाहीत."

"म्हणूनच. अर्थशास्त्रात मी कुठेच पडले नाही. तिथे दुसरा का पडतो ते मला कळणार नाही. गणितात सगळे टायर मला माहीत आहेत. एकेकावर आपटलेय मी. मी गणित घेणार आणि शिकवणार."

मास्तर पाय उशीवर ठेवून बसले होते. मैदानावरून आल्यापासून त्यांनी चहाशिवाय काही मागितलं नव्हतं.

"घरात एक मास्तर पुरे," ते म्हणाले.

"का?"

"का काय? लोक येतात, शिकतात, गाडी घेऊन निघून जातात. मास्तर तिथेच. त्याच मैदानात गोल गोल." त्यांनी घोट्यावरची पट्टी चाचपली. "आणि आज बघितलंस ना तू? लोकांना वाटलं ते चढले. मला वाटलं मी शिकवलं. इतकी वर्षं एकटा माझा पाय चढत होता. त्या बिचाऱ्या परीक्षकाला मी खडूस म्हणत होतो."

वकील टेबलाभोवती फिरायची थांबली. आपल्याला जे सापडलं ते त्यांच्या हातून काढून घेतल्यासारखं झालंय, हे तिला आत्ता दिसलं. ती त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली.

"तुम्ही कुणाला लागू दिलं नाहीत, एवढंच," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

"'पुन्हा' कोण म्हणालं होतं, बाबा? गाडीला काळं लागल्यावर?"

मास्तरांनी उशी सारखी केली. शुक्रवारी काय सांगायचं ते मात्र पुन्हा अधांतरी राहिलं. ती एकटीनं जाऊन गणित सांगू शकली असती. पण तिला ते त्यांच्या तोंडून हवं होतं. घरात त्यांनाच तर सगळे मास्तर म्हणत होते.

गुरुवारी दुपारी मास्तरांच्या ऑफिसबाहेर हॉर्न वाजला. रस्ता तिथे चढाचा होता. पावाची गाडी चढावर मधोमध थांबली होती आणि तिच्यामागे सगळी रहदारी खोळंबली होती. खिडकीत काकू होत्या. मास्तर काठी टेकत दारात आले. वकील त्यांच्यामागे. काका काकूंच्या शेजारी बसले होते. दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून.

गाडी जरा खाली दबली. नाक वर आलं.

"शिंकली," काकू खिडकीतून म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

मास्तर वळणापर्यंत त्या गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं. चपलेतला अंगठा सरळ होता.

शुक्रवारी सकाळी ते म्हणाले, "मी येतो कॉलेजपर्यंत. तू चालव."

ते शेजारी बसले. रस्ताभर विषय निघाला नाही. कॉलेजच्या फाटकाशी चढ होता आणि फाटकातून गाड्या अडकत अडकत आत जात होत्या. वकील चढावर थांबली. मागे एक मोठी, चकचकीत गाडी येऊन अगदी चिकटून उभी राहिली. पुढची गाडी हलली. वकीलनं ब्रेक सोडला, आणि मास्तरांच्या मुलीची, लायसन्सवाल्या मुलीची गाडी बंद पडली.

गाडी मागे निघाली. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. वकीलनं शेजारी बघितलं.

मास्तर मांडी घालून बसले होते. एवढ्याशा सीटवर त्यांचे गुडघे वर आले होते. दुखरा घोटा त्यांनी हातात धरला होता आणि ते खिडकीबाहेर कॉलेजची पाटी वाचत होते, जणू त्यांचा या गाडीशी काही संबंध नव्हता.

तिनं ब्रेक दाबला. चावी फिरवली. क्लच सोडत आणला, थांबली, तो थबकलेला क्षण येऊ दिला. मग निघाली.

"मागच्याचा रंग नवा होता," फाटकातून आत आल्यावर मास्तर म्हणाले. "मला घाम फुटला."

"मग ब्रेक का नाही दाबलात?"

"तुझी गाडी होती." त्यांनी एक पाय हातानं उचलून खाली सोडला. मग दुसरा. "जा. गणित सांगून ये. आणि लवकर ये, या मांडीनं माझी कंबर धरली."

ती ऑफिसच्या दिशेनं पळाली. चालायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

आता ती एका शाळेत गणित शिकवते. खडू मुलांच्या हातात असतो आणि ती शेवटच्या बाकावर पाय वर घेऊन बसते. मुख्याध्यापकांना ते आवडत नाही. मुलं तिला पाठीमागे काय म्हणतात ते तिला माहीत आहे, पण ती सांगत नाही. मास्तरांच्या गाडीला मागे काळा डाग अजून आहे. नवीन माणूस आला की ते आधी त्याला तिथे नेतात. "या इथे टेकायचं," म्हणतात. "मग पुढचं."

आणि एखादी मुलगी फळ्यासमोर अडकते, सारा वर्ग उत्तर सांगायला आतुर होतो, तेव्हा शेवटच्या बाकावर मांडी घातलेल्या त्या बाईच्या पायाचा अंगठा आजही बाकात रुततो. तोंड मात्र ती उघडत नाही. ती वाट बघते. त्या मुलीचा खडू फळ्यापासून बोटभर अंतरावर थबकतो, आणि बाईचे कान गरम व्हायला लागतात.